अहो संध्याताई

कुणाचे आभार मानायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. रागवायला सांगा, कितीही वेळ रागवेन, तेही एक शब्द पुन्हा न वापरता. आमच्या गंगापूर रोडच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात हे वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे डॉक्टर आल्हाद जेव्हा म्हणाले, "इंदिरा सिस्टर, शनिवारचं कृतज्ञतेचं सत्र तुम्हीच घ्यायचं," तेव्हा मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. ते नुकतेच पुण्याहून कसलंसं शिबिर करून आले होते आणि तिथलं वारं अजून अंगात होतं. सगळ्या स्टाफने खुर्च्या गोल मांडून बसायचं. एकाने उठून दुसऱ्यासमोर जायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि आपण त्याचे कशाबद्दल ऋणी आहोत ते मोठ्याने सांगायचं. याने म्हणे टीम घट्ट होते.

"टीम म्हणजे काय शिरा आहे का, घट्ट व्हायला?" मी म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. "संध्याचं कानावर आलंय ना तुमच्या?"

आलं होतं. संध्यानेच सांगितलं होतं, व्हॅनमध्ये, पाय पोटाशी घेऊन बसल्या बसल्या. देवळाली कॅम्पात एका खासगी दवाखान्यात तिला बोलावणं होतं. "जाऊ का नको ते अजून ठरलं नाय," ती म्हणाली होती, "पुढच्या बाजाराला सांगते." मी त्यावर "हं" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

संध्या गेली तर हरसूलचं आमचं काम बसलं, हे डॉक्टरांना आणि मला दोघांनाही कळत होतं. दर आठवडी बाजाराला आमची व्हॅन हरसूलला जाते. पाड्यापाड्यांवर हिंडून मोतीबिंदूची म्हातारी माणसं गोळा करायची ती संध्याने. त्यांच्या बोलीत त्यांना समजवायचं तिने, ऑपरेशनसाठी नाशकात आणताना व्हॅनमध्ये त्यांचा हात धरून बसायचं तिने, आणि हिरवी पट्टी बांधून परत घरी सोडायचं तेही तिनेच. डॉक्टर बदलले तरी म्हाताऱ्यांना फरक पडत नाही. संध्या नसेल तर ते व्हॅनच्या पायरीवर पाऊल ठेवत नाहीत.

"माणसं पगारासाठी सोडून जात नाहीत, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "कदर होत नाही म्हणून जातात. तिला सगळ्यात जास्त तुम्हीच बोलता. तेव्हा तुम्हीच चार चांगले शब्द बोलला, तर ती थांबेल."

हे मला लागलं. कारण खरं होतं. संध्या माझ्या हाताखाली आली तेव्हा खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती. डोळ्यांत थेंब घालायचे, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही, बॅटरी कशी धरायची, हे सगळं मी तिला शिव्या देऊन शिकवलं. "संध्ये!" अशी माझी हाक बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. सुकट विकणाऱ्या बायका हसून म्हणतात, "जा बाई, सासू बोलावती." संध्याही ओढणी तोंडाला लावून हसते आणि येते. दुपारी व्हॅनच्या मागे पोतं अंथरून आम्ही दोघी जेवतो. नागलीची भाकरी आणि ठेचा ती आणते, भाजी माझी. भाकरी एकाच फडक्यात असते. मी दर वेळी म्हणते मीठ जास्त झालंय आणि दर वेळी दोन भाकऱ्या खाते. तिचे आभार मानावेत असं माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

आता आलं. म्हटलं, बाई, आपणच पोरीला गृहीत धरलं. एवढी गुणाची पोर हातची जायची आपल्या तोंडापायी.

मग मी तयारीला लागले. काम हातात घेतलं की नीट करायचं, हा माझा स्वभाव. चांगले चांगले शब्द जुळवले, पाठ केले, आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ह्यांच्यासमोर उभी राहिले. हे गवार निवडत बसले होते. ह्यांचं घराणं त्र्यंबकच्या पुजाऱ्यांचं. ह्यांनी स्वतः वीज मंडळात नोकरी केली, पण लहानपण गेलं ते यात्रेकरूंच्या श्राद्धपक्षात.

मी सुरुवात केली, "संध्याताई, आपल्या निरलस सेवेमुळे हरसूलच्या दुर्गम भागातल्या कित्येकांना दृष्टी लाभली. आपला हसतमुख चेहरा आणि कष्टाळू वृत्ती आम्हा सर्वांच्या कायम स्मरणात राहील. मी आपली अत्यंत ऋणी आहे."

ह्यांनी गवारीची शीर ओढता ओढता मान हलवली. "छान झालंय. कोण गेलं?"

"कोणी गेलं नाहीये! संध्या आहे ती, आमची!"

"अगं, मग असं का बोलतेस?"

मी चिडले. म्हटलं, तुमच्या घरात माणूस गेल्याशिवाय त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही, त्याला मी काय करू. हे पुन्हा गवारीकडे वळले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी ह्यांचं वेळेवर ऐकलंय असं एकदाही झालं नाही.

शनिवारी ओपीडी संपल्यावर वरच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या. मी मधोमध उभं राहून नियम सांगितले. एक, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. दोन, सगळ्यांनी सगळ्यांना "अहो" म्हणायचं. डॉक्टर असो की ड्रायव्हर, वर्तुळात सगळे सारखे. तीन, ज्याचे आभार मानले जातील त्याने "छे छे, माझं कसलं काय" असं म्हणायचं नाही. फक्त "स्वीकारतो" किंवा "स्वीकारते" म्हणायचं. हा तिसरा नियम ऐकून सगळे अस्वस्थ झाले. आपल्याकडे कौतुक झटकून टाकायची सवय असते. अंगावर घ्यायचं म्हणजे अवघडच.

पहिली यशश्री उठली. ही आमच्याकडे चष्म्याचे नंबर काढते. ती व्हॅनच्या दिनेशसमोर उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि बघतच राहिली.

"बोल ना," मी म्हटलं.

"सिस्टर, ह्यांच्या उजव्या डोळ्यात पडदा वाढतोय," ती म्हणाली.

हॉल हसून गडगडला. पण पुढे प्रत्येकाचं तेच होत होतं. डोळ्यांच्या दवाखान्यातली माणसं, डोळ्यांत बघा म्हटलं की बुबुळच तपासणार. शेवटी यशश्रीने दिनेशचे आभार मानले, घाटात गाडी इतकी जपून चालवता म्हणून. दिनेशला घाम फुटला. कोर्टाची नोटीस घ्यावी तसा तो म्हणाला, "स्वीकारतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, अरे, हे तितकंसं वाईट नाही. माणसं मोकळी होतायत. डॉक्टर आल्हाद तर खुर्चीच्या टोकावर आले होते.

मग मी संध्यासमोर गेले. ती उठून उभी राहिली. चेहऱ्यावर हसू होतं, ओढणी तोंडाला लावायच्या बेतात होती. आता सिस्टर काहीतरी गमतीचं बोलणार अशी तिची खात्री असावी.

मी बोलले. एकही शब्द न चुकता, पाठ केला होता तसा. निरलस सेवा, दुर्गम भाग, कायम स्मरणात. "अहो संध्याताई, मी आपली अत्यंत ऋणी आहे."

बोलताना मी तिच्या डोळ्यांत बघत होते, त्यामुळे मला दिसलं. आधी हसू गेलं. मग ती एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा दाराकडे बघून परत माझ्याकडे वळली. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. मी म्हटलं, भरून आलं पोरीला. लागू पडलं.

"स्वीकारते," ती हळूच म्हणाली आणि बसली.

सगळ्यांत मोठ्या टाळ्या आम्हालाच मिळाल्या. नंतर वडे आणि चहा होता. संध्या चहाला थांबली नाही. तिला हरसूलची बस गाठायची असेल असं मला वाटलं. डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला. मी त्या दिवशी तीन वडे खाल्ले, आणि घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघा, तुम्हाला काही कळत नाही."

बाजाराच्या दिवशी आम्ही हरसूलला पोचलो. थंडी होती. ओट्यावर टेबल मांडलं, रांग लागली. संध्या आधीच येऊन म्हाताऱ्यांना ओळीने बसवत होती.

"गुड मॉर्निंग, मॅडम," ती म्हणाली.

मॅडम? मी तिची सिस्टर. इतकी वर्षं सिस्टरच. पण गर्दी होती, मी कामाला लागले. आणि त्या दिवशी तिचं काम इतकं बिनचूक, की मला एकदाही हाक मारावी लागली नाही. बॅटरी मागायच्या आत हातात, कापूस मागायच्या आत पुढे. दुपारपर्यंत माझा जीव कासावीस झाला. रागवायला जागाच ठेवली नव्हती तिने.

शेवटचे लहानूबाबा. दोन्ही डोळे पिकलेले. त्यांना समजावून समजावून संध्याने ऑपरेशनला राजी केलं होतं. ते तिचं मनगट धरून बसले होते. "तू येशी ना संगं नाशकाला?"

"दुसरं कोण तरी येल, बाबा," संध्या म्हणाली.

बाबांनी मनगट सोडलं. "मग माझं राहू दे," म्हणाले, आणि काठी शोधायला लागले.

मी टेबलावरची बॅटरी विझवली. संध्या जाणार, हे असं कळलं मला.

जेवायला व्हॅनच्या मागे गेले तर पोतं अंथरलेलं होतं, पण त्यावर एक स्टीलची ताटली होती. ताटलीत एक भाकरी चतकोर करून मांडलेली, ठेचा वेगळ्या वाटीत, आणि कागदाचा रुमाल. हे सगळं माझ्यासाठी. संध्या स्वतः जरा लांब, चाकाला टेकून बसली होती. फडकं तिच्या मांडीवर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जेवा ना, मॅडम."

"देवळालीला कळवलंस?"

"हो."

"कधी?"

"शनवारी. तिथनं निघाले तवाच फोन केला, स्टँडवरनं."

मी पोत्यावर बसले. "अगं, सगळ्यांसमोर एवढं चांगलं बोलले मी तुझ्याबद्दल. कधी कुणाबद्दल बोलले नाही. आणि तू त्याच दिवशी—"

"म्हणून तर," संध्या म्हणाली. तिने खाली बघत भाकरीचा कोपरा मोडला, पण खाल्ला नाही. "तुमी मला अहो म्हणल्या, सिस्टर. आमच्याकडं आपल्या माणसाचे आभार नाय मानत. आवणीला शेजारीण दिवसभर वाकून भात लावती, तिला कोण आभार म्हणतंय? दुसऱ्या दिवशी आपुन तिच्या वावरात जायचं. आभार मानायचे ते पाव्हण्याचे. ज्याचं आपलं आता काय येणंजाणं नाय, त्याचे. तुमी बोलत होत्या आन मला वाटत होतं, हा माझा निरोप हाय. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, मी जावं. टाळ्या बी वाजवल्या."

"आभार मानून परकं करू नकोस" हे वाक्य माझ्या आईच्या तोंडी कायम असायचं. शेजारपाजारच्यांना, बहिणींना, जावयालासुद्धा. त्यासाठी हरसूलला यायची गरज नव्हती. पण पुण्याच्या शिबिराच्या नादात मला माझी आई आठवली नाही.

"तुमी 'हं' म्हणल्या होत्या ना व्हॅनमदी," संध्या बोलत होती, "तवापासून मी वाटच बघत होते. म्हणलं, आता वरडतील. 'मला टाकून कुठं निघालीस, भवाने' म्हणतील. तसं म्हणल्या असत्या ना, सिस्टर, तर नसते गेले. देवाशप्पथ."

ती पुन्हा सिस्टर म्हणाली होती, हे तिच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं. आणि दुसरंही एक लक्षात आलं. आता फक्त तोंड उघडायचं होतं. एक "भवाने", आणि ती देवळालीला फोन करून नाही म्हणाली असती. लहानूबाबा काठी टाकून परत आले असते. जे पाठ केलेल्या भाषणाने झालं नाही ते एका शिवीने होत होतं, आणि शिवी माझ्या जिभेच्या टोकावर होती.

तेवढ्यात तिने विचारलं, "एक खरं सांगा. ते आभार मनातनं होते, का मला ठेवून घ्यायला?"

मला खोटं बोलता येतं. पेशंटशी मी रोज बोलते, काही दुखणार नाही म्हणून. पण ती डोळ्यांत बघत होती.

"ठेवून घ्यायला," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागावली नाही. उलट जरा सैल होऊन बसली.

मग मी तिला ते विचारलं, जे पहिल्याच दिवशी व्हॅनमध्ये विचारायला हवं होतं. "काय आहे देवळालीत?"

"दवाखान्याच्या मागं दोन खोल्या देतात राहायला. आन आमच्या झिपरूला बागेचं काम. बारमाही." तिने मोडलेला कोपरा परत फडक्यात ठेवला. "दिवाळी झाली का झिपरू निघतो निफाडला, द्राक्षावर. पावसाच्या तोंडाशी येतो. आशा आजीपाशी, मी पाड्यांवर. मागल्या साली तो आला तर पोरगी त्याच्याजवळ जाईना. पाव्हणा बघावा तशी बघायला लागली. तिथं तिघं एका ठिकाणी जेवू. दिवाळीनंतर बी."

तिचा नवरा झिपरू द्राक्षावर जातो हे मला माहीत होतं. लेक आशा सासूपाशी, वत्सलाबाईंपाशी, असते हेही माहीत होतं. त्या म्हातारीच्या गुडघ्यांसाठी मीच तेल पाठवते. सगळं सुटं सुटं माहीत होतं. एकत्र करून बघायचं कधी सुचलं नाही. मी दुसऱ्यांच्या डोळ्यांतला पडदा शोधत बाजार हिंडते, आणि हे माझ्या नाकासमोर होतं.

आणि एवढं असूनही ही पोर माझ्या एका शिवीसाठी थांबायला तयार होती. मला आयुष्यात इतकं मोठं कुणी काही देऊ केलं नव्हतं. मला तेव्हा तिचे खरे आभार मानावेसे वाटले, पोटातून, पण शब्द सगळे शनिवारी वापरून झाले होते. मी उठले. ताटली बाजूला सारली, कागदाचा रुमाल चुरगाळून फेकला, आणि तिच्या मांडीवरच्या फडक्यातून भाकरी ओढून घेतली.

"संध्ये!" मी ओरडले. दिनेश स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता, तो दचकून उठला. सुकटवाल्या बायकांनी माना वळवल्या. "भवाने, अक्कल कुठं गहाण ठेवलीस? दोन खोल्या, नवऱ्याला काम, पोरीला बाप, आणि तू इथं बसून मला विचारतेस जाऊ का नको? मी कोण लागून गेले? उद्या मी मेले तर हरसूलच्या बाजारात माझा पुतळा बांधून त्याच्यापाशी बसणार होतीस? चल, नीघ! सामान बांध. आणि तिथं जाऊन थेंब घालताना बाटली पापणीला लावलीस असं माझ्या कानावर आलं ना, तर पहिल्या बसने देवळालीला येईन आणि सगळ्या स्टाफसमोर कान धरेन. कळलं?"

संध्या उभी राहिली होती. ओढणी तोंडाशी गेली, पण हसू आलं नाही. खांदे हलायला लागले.

"आन लहानूबाबा?" तिने कसंबसं विचारलं.

"त्याला मी नेईन. हात धरून बसेन नाशकापर्यंत. मला काय हात नाहीत? फक्त जायच्या आधी मला तुझ्या बोलीत चार शब्द शिकव, त्याला धीर द्यायला. आणि भाकरीत आजही मीठ जास्त झालंय."

ती तशीच रडत माझ्यासमोर आली. अगदी जवळ, नियमाप्रमाणे, डोळ्यांत बघत. मीही बघितलं. पाण्यामुळे मला नीट दिसत नव्हतं, तिच्या की माझ्या ते ठाऊक नाही.

"स्वीकारते," संध्या म्हणाली.